अर्धेभाऊंचा पुरा कोर्स

"तापाची अर्धी गोळी दी."

लग्न होऊन मालवणजवळच्या कट्टा गावात आले आणि सासऱ्यांच्या औषधाच्या दुकानात उभी राहायला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात मी हे वाक्य ऐकलं. काउंटरपलीकडे शेवग्याच्या शेंगेसारखे एक उंच गृहस्थ उभे होते. खाकी पॅण्ट, वर पांढरा सदरा, आणि आपण काही वेगळं मागितलंय असा भाव चेहऱ्यावर अजिबात नाही. माझं औषधशास्त्राचं शिक्षण तेव्हा ताजं होतं. मी म्हटलं, "काका, गोळी अर्धी मिळत नाही."

"मगे पुरी दी."

पुरी दिली. त्यांनी ती काउंटरच्या कडेवर धरून दोन्ही अंगठ्यांनी मोडली, अर्धी पाण्याशिवाय गिळली आणि उरलेली अर्धी माझ्याकडे सरकवली. "ही ठेव. कोणाक तरी लागात."

आतल्या खोलीतून सासरे म्हणाले, "वसंतो काय गो? तेका अर्ध्याचा याड आसा. गोळी टाकून दी, पण तेच्यासमोर नको."

हे वसंतभाऊ. गावात त्यांना अर्धेभाऊ म्हणतात, तेही तोंडावर. त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. एखाद्याला रावसाहेब म्हटल्यावर वाटावं तसं त्यांना वाटतं.

एक गैरसमज आधीच दूर करते. भाऊ चिकट नाहीत. बस स्टॉपसमोरच्या हॉटेलात ते पुरा चहा सांगतात, अर्धा पितात, पैसे पुऱ्याचे देतात आणि उठतात. हॉटेलवाल्याने एकदा विचार करून त्यांना आधीच अर्धा कप आणून दिला. भाऊंनी त्यातला अर्धा प्यायला. तेव्हापासून हॉटेलवाला विचार करत नाही.

नोकरी त्यांनी एसटीत केली, ड्रायव्हर म्हणून. जन्मभर गाडी ताकदीच्या अर्ध्या वेगाने चालवली. कट्ट्यातल्या ज्या माणसाला मालवणात खरोखर काम असायचं, तो भाऊंची गाडी सोडून मागच्या गाडीची वाट बघायचा आणि त्यांच्या आधी पोचायचा, असं सांगतात. मात्र भाऊंच्या गाडीला कधी साधा ओरखडा गेला नाही. "गाडीचो वेग आणि माणसाचो राग," ते म्हणायचे, "दोनय अर्ध्यार ठेवचे."

पेपर ते मधल्या पानापर्यंत वाचतात. जत्रेतल्या दशावताराला जातात, पण राक्षस जिवंत असतानाच उठून घरी येतात. मी एकदा विचारलं, शेवट बघत का नाही? तर म्हणाले, "राकसाक मारतलेच गो. तां बघूक जागूचा कित्याक?" घराचा वरचा मजला बांधायला काढला, एक खोली झाल्यावर थांबवला. त्या खोलीच्या शेजारी अजून लोखंडी सळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत आणि त्यांवर त्यांचे सदरे वाळत असतात. फ्रिजसुद्धा ते अर्धा दिवस चालू ठेवतात. दुपारी बारानंतर बंद. "तेकाय इसावो होयो."

या सगळ्यामागे एक तत्त्व आहे. "पुरां केलां काय संपलां," हे ते तत्त्व. आणि औषधांच्या बाबतीत एक जादा पोटतत्त्व आहे: "डॉक्टर बैलाच्या हिशोबान लिवतत. आपण काय बैल?" त्यामुळे डॉक्टरांनी जे लिहून दिलं असेल त्याचं अर्धं घ्यायचं. माझ्याशी यावरून त्यांची वीस वर्षं तात्त्विक चर्चा चालू होती. अर्थात, तीही ते मध्येच सोडून निघून जात.

त्यांची बायको काही वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. वरच्या मजल्याची ती एकुलती एक खोली मग त्यांनी भाड्याने द्यायला काढली, आणि बँकेत बदली होऊन आलेली पल्लवी तिथे राहायला आली.

पल्लवी यवतमाळची. बारीकशी, मोठ्या चष्म्याची, समुद्राला घाबरणारी आणि मासे बघून पळणारी मुलगी. भाऊंनी खोली देताना तिला कार्यालयीन मराठीत अटी सांगितल्या. "पाहुणे आणायचे नाहीत. मोठ्याने गाणी लावायची नाहीत. जनावर पाळायचं नाही." पल्लवीने तिन्ही अटींना मान डोलावली. तिसऱ्या अटीच्या वेळी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत एक जनावर होतं.

आठवडाभराने भाऊ माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "त्या चेडवाचो कुकर दिवसभर शिटये मारता. येवढां शिजवता काय ती एकटी?"

मी म्हटलं, सकाळी लावत असेल.

"ती बँकेत असताना पण मारता."

शिट्ट्या कुकरच्या नव्हत्या. भाऊ गॅस बंद करायला म्हणून आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून आत गेले, तर टेबलाखालच्या पिंजऱ्यातून एक पांढरा-तपकिरी-काळा गोळा त्यांच्याकडे बघून शिट्टी मारत होता. शेपटी नाही, कान दुमडलेले, आणि अंगावरचे केस झोपेतून उठल्यासारखे. गिनीपिग. भूक लागली की तो प्राणी तशी शिट्टी मारतो, हे आम्हाला नंतर कळलं. पल्लवीने त्याचं नाव चिवडा ठेवलं होतं.

संध्याकाळी पल्लवी रडकुंडीला आली. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "जनावर ठेवता येणार नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "अर्धा दिवस ठेवा. तुम्ही घरी असताना."

"आणि मी बँकेत असताना?"

भाऊंनी याचा विचार केला नव्हता. तेव्हापासून पल्लवी बँकेत असताना चिवड्याचा पिंजरा खाली, भाऊंच्या पडवीत असायचा. नाव ते घेत नसत. "तुमचो उंदीर" म्हणत. पण दुपारी जाताना मला दिसायचं, भाऊ झोपाळ्यावर, पायाशी पिंजरा, आणि ते पेपर मोठ्याने वाचतायत. मधल्या पानापर्यंत.

पल्लवी दोन वर्षं राहिली. मग तिची बदली परत तिच्या गावाकडे झाली. उन्हाळा तोंडावर आलेला, प्रवास लांबचा, तिकडे आईला दमा. वेगळी खोली मिळेपर्यंत चिवड्याला सांभाळाल का, असं तिने भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, "थोडे दिवस." आणि ती गेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. भाऊ फोन चिवड्याच्या इतका जवळ धरायचे, की तिकडे तिला नुसतं एक नाक दिसायचं. "भाऊ, जरा लांब धरा," ती म्हणायची. मग भाऊ फोन लांब धरायचे आणि तिला त्यांचं छप्पर दिसायचं. पण गप्पा होत. चिवड्याने काय खाल्लं, यवतमाळात किती ऊन आहे, बँकेतला नवा साहेब कसा आहे. पंधरा-वीस मिनिटं सहज.

आणि मग एका सकाळी भाऊ दुकानात आले आणि कडेला उभे राहिले. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, भाऊ प्रत्येकाला पुढे करत होते. दुकान रिकामं झाल्यावर ते पुढे झुकून हळूच म्हणाले, "बाय, लघवीचां कायतरी औषध होयां."

मी अशा वेळी शक्य तितका साधा चेहरा करते. "जळजळ होते का?"

"होत असतली. वरडता."

"ओरडता?" मी जरा चमकले. "कधीपासून?"

"काल सांजपासना. थेंब थेंब करता. आणि रगात दिसता."

आता मात्र मी घाबरले. "भाऊ, हे औषधाच्या दुकानात सांगायचं काम नाही. तुमच्या वयात लघवीत रक्त म्हणजे लगेच डॉक्टरकडे जायला हवं. प्रोस्टेटचं असू शकतं. घरी कोणाला..."

"माझ्या वयात?" भाऊ ताठ झाले. "माझी न्हय गो!"

"मग कोणाची?"

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. "चिवड्याची."

नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी खिशातून गोळ्यांची एक अर्धवट पट्टी काढली. दाढ काढली तेव्हा दंतवैद्यांनी दिलेल्या अँटिबायोटिकची ती पट्टी होती. अर्थातच अर्धी उरलेली. "ह्यातलो तुकडो दिलो तर चलात? अर्ध्याचो अर्धो?"

मला गिनीपिगमधलं काही कळत नव्हतं. पण कळत नाही तिथे औषध द्यायचं नाही, एवढं मला पक्कं कळतं. मी म्हटलं, काही देऊ नका, आधी गुरांच्या दवाखान्यात जाऊ. यजमानांना दुकानात बसवलं आणि आम्ही निघालो. चिवडा केळ्यांच्या टोपलीत, खाली पंचा, वर भाऊंचा हात.

दवाखान्यातले डॉक्टर सज्जन होते. त्यांनी टोपलीत डोकावून बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "मी गाय, म्हैस, शेळी, कुत्रा बघतो. हा प्राणी मी कॉलेजात बघितला, त्यानंतर आजच." पण त्यांची एक वर्गमैत्रीण गोव्यात म्हापशाला असले लहान प्राणी बघते, तिला त्यांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

तिकडून पहिलाच प्रश्न आला, "घरातलं काही औषध दिलेलं नाही ना? माणसांचं?"

भाऊंनी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी नाव वाचून दाखवलं.

"दिलंय?" तिकडचा आवाज एकदम बदलला.

"नाही," मी म्हटलं.

"नशीब. पेनिसिलिनच्या कुळातलं आहे ते. तोंडाने दिलं तर या प्राण्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि प्राणी दोन-चार दिवसांत जातो. घेऊन या त्याला. आजच."

"मी अर्धीच देणार होतो," भाऊ शुद्ध मराठीत म्हणाले. ती पट्टी त्यांनी परत खिशात घातली नाही. तशीच टेबलावर राहिली.

म्हापशाला गाडी मी चालवली. भाऊ मागे, मांडीवर टोपली. कुडाळपर्यंत प्रत्येक वळणावर मागून आवाज, "सावकाश. सावकाश गो." महामार्गाला लागल्यावर चिवड्याने लघवी करायचा प्रयत्न केला आणि तो जो ओरडला, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. शिट्टी नव्हे, बारीक कापल्यासारखा. पंच्यावर गुलाबी डाग पडला. सावंतवाडी मागे पडल्यावर भाऊ खिडकीकडे बघत म्हणाले, "जरा दाबतंस काय?"

म्हापशाच्या डॉक्टर वयाने पल्लवीएवढ्याच होत्या. त्यांनी सगळ्यात आधी चिवड्याला एका छोट्या वजनकाट्यावर ठेवलं. भाऊंनी विचारलं, "ह्याचं वजन कशाला?"

"औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं ना."

भाऊ माझ्याकडे वळले. वीस वर्षांत मी त्यांना इतकं चकित झालेलं बघितलं नव्हतं. "हे वजन करून देतत," ते मला म्हणाले. मीच जणू काही ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवली होती.

एक्स-रेत खडा नव्हता. जंतुसंसर्ग होता, आणि लघवीत चुन्यासारखा गाळ साचला होता. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितो? भाऊ म्हणाले, "अर्धी बाटली भरून ठेवतो." उन्हाळ्यात ती दुपारच्या आधीच संपत असणार, हे आम्हा तिघांच्या एकदमच लक्षात आलं. भाऊ जमिनीकडे बघायला लागले. डॉक्टर समजूतदार होत्या. एवढंच म्हणाल्या, "आता भरून ठेवा. आणि पालक बंद. ताजं गवत भरपूर, रोज थोडा पेरू."

अँटिबायोटिकची पातळ औषधाची बाटली, बिनसुईची सिरिंज, दुखण्यावरचं वेगळं औषध. सकाळ-संध्याकाळ. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. "आणि बरा दिसला तरी थांबायचं नाही. पूर्ण कोर्स."

"अर्धा दिला तर?" भाऊंनी विचारलंच.

"तर कच्चे जंतू मरतील आणि चिवट तेवढे राहतील. मग पुढच्या वेळी हे औषध त्यांना बाधणार नाही."

भाऊंनी मान हलवली. पण मी त्यांना ओळखते. ती मान अर्धीच हलली होती.

भाऊंचा फ्रिज दुपारनंतर विश्रांती घेत असल्यामुळे बाटली माझ्या दुकानातल्या फ्रिजमध्ये राहिली. त्यामुळे सकाळी दुकान उघडताना आणि संध्याकाळी दिवा लावताना भाऊ टोपली घेऊन हजर. पहिल्या दिवशी त्यांनी औषधाचा एक थेंब स्वतः चाटून बघितला. "कारल्यापरास कडू," म्हणाले. "तो घेवचो नाय."

तो घेतच नव्हता. त्याला पंच्यात गुंडाळायचं, फक्त तोंड बाहेर. सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने आत सरकवायची आणि हळूहळू सोडायची. भाऊ धरायचे, मी सोडायची. चिवडा पहिल्यांदा सगळं तोंडात ठेवून घ्यायचा, शहाण्यासारखा. मग दोघांचं लक्ष उडालं की बाहेर काढायचा. भाऊंच्या पांढऱ्या सदऱ्यावर. एकदा त्यांच्या अंगठ्याला चावला. "मेल्या," भाऊ म्हणाले, "तुझ्यासाठी गोव्याक जावन इलंय आणि माका चावतंस?" गिऱ्हाइकं खोळंबलेली असत, पण कोणाची तक्रार नव्हती. उलट खोकल्याच्या औषधाला आलेली माणसं सल्ले द्यायला थांबत. कोणी विचारलं, "उंदीर कसो आसा?" तर भाऊ सुनावत, "उंदीर न्हय. गिनीपिग. दक्षिण अमेरिकेचो."

काही दिवसांत डाग थांबले. शिट्टी परत आली, आणि ती पार माझ्या दुकानापर्यंत ऐकू यायला लागली. आणि एका संध्याकाळी भाऊ आले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाही. मी दुपारी बाटली घेऊन त्यांच्या पडवीत गेले. चिवडा पेरू खात होता. भाऊ पेपर वाचत होते.

"औषध?"

"बरो झालो तो."

"भाऊ, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"तेका त्रास होता गो. कडू लागता. बघ कसो खाता." मग पेपर वर धरून, "अर्धां पुरे."

मी समजावलं, रागावले, जंतूंचं परत सांगितलं. भाऊ नेहमीप्रमाणे चर्चेच्या मध्यावर उठून आत गेले. मी बाटली घेऊन परत आले. पुढे दोन-तीन दिवस मी त्या बाजूला गेले नाही. रागच आला होता.

मग एका सकाळी दुकानाचं शटर वर केलं, तर पायरीवर भाऊ बसलेले. टोपली मांडीवर. सदरा कालचाच असावा. त्यांनी नुसता पंचा उलगडून दाखवला. डाग या वेळी गुलाबी नव्हता, लाल होता. आणि चिवडा डोळे अर्धे मिटून एका बाजूला कलंडला होता. पेरूची फोड तशीच पडलेली.

म्हापशाला फोन लावला. तिकडे परत नेलं. औषध बदललं, जास्त दिवसांचं झालं. पण डॉक्टरांना काळजी दुसरीच होती. हा प्राणी खायचा थांबला की त्याचं पोट बंद पडतं आणि मग हातात काही उरत नाही. त्याला सिरिंजने भरवायचं. भिजवलेली पेंड, थोडी थोडी, दर दोन-तीन तासांनी.

भाऊंनी पडवीत बैठक मारली. पेंड कालवायची, गाळायची, सिरिंजमध्ये ओढायची, दाण्याएवढी तोंडात सोडायची आणि तो गिळेपर्यंत थांबायचं. कधी गिळायचा, कधी हनुवटीवरून ओघळायची. मग पुसायचं आणि परत. मी जमेल तसं जात होते, पण आता माझी गरज नव्हती. पंचा, पकड, गालाची बाजू, सगळं त्यांच्या हातात बसलं होतं. मी डबा नेला तर तसाच झाकलेला दिसायचा.

त्याच सुमारास दुकानात माझ्या मोबाइलवर पल्लवीचा फोन आला. "ताई, भाऊ फोन उचलत नाहीयेत. काल उचलला तर म्हणाले रेंज नाही. सगळं ठीक आहे ना?"

मोबाइलचा टॉवर भाऊंच्या घरामागच्या काजूच्या बागेला लागून आहे. गावात कोणाला रेंज मिळाली नाही तर तो भाऊंच्या पडवीत येतो.

मी तिला म्हटलं, थांब. चालू फोन घेऊन तशीच भाऊंकडे गेले आणि स्पीकर लावून त्यांच्यासमोर धरला. "तुम्हीच सांगा."

भाऊंनी हात पंच्याला पुसले. फोन घेतला. आधी ते बँकेत बोलतात तसं बोलले. "पल्लवी, माझ्याकडून चूक झालेली आहे. डॉक्टरांनी पूर्ण औषध सांगितलं होतं. मी ते अर्ध्यावर बंद केलं. त्यामुळे चिवडा जास्त आजारी आहे." मग कार्यालयीन मराठी संपली. "माका वाटला बरो झालो. तेका कडू लागायचां. मी... मिया येडो."

मला वाटलं, पल्लवी आता रडेल किंवा रागावेल. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही जेवलात का?"

भाऊंनी फोन माझ्या हातात दिला आणि पेंड कालवायला आत गेले.

मी तिला सांगितलं, नाही जेवले. त्या दिवसापासून तिचे फोन दिवसातून तीन-चार वेळा यायला लागले. आधी चिवड्याचं विचारायची, मग भाऊंच्या जेवणाचं. खोटं बोलले तर ताट दाखवायला लावायची. भाऊ ताट दाखवायचे.

चिवड्याने स्वतःहून पहिली काडी खाल्ली तेव्हा मी तिथे होते. गवताची एक काडी, त्याने ती टोकापासून आत ओढत नेली, आणि भाऊ श्वास धरून बघत राहिले. ती संपल्यावर म्हणाले, "गेली." मग दुसरी धरली.

कोर्स पुरा झाला. एक सकाळ नाही, एक संध्याकाळ नाही, काही चुकलं नाही. शेवटच्या दिवशी बाटलीच्या तळाशी चिकटलेला थेंब काढता येईल का, म्हणून भाऊंनी ती उलटी करून माझ्या काउंटरवर उभी करून ठेवली होती. मी म्हटलं, भाऊ, झालं आता. लघवीची तपासणी स्वच्छ आली. गावातली चौकशी बंद झाली. भाऊ हॉटेलात परत अर्धा चहा प्यायला लागले. तेवढ्याने माणूस बदलत नाही.

त्यानंतर एकदा भाऊ फोन दुरुस्त करून घ्यायला माझ्याकडे आले होते. चित्र दिसत होतं, पण आवाज बारीक झाला होता. मी स्पीकर चालू करून देत होते, इतक्यात पल्लवीचाच कॉल आला. टोपली काउंटरवर होती.

इकडचं तिकडचं झाल्यावर ती जरा अडखळत म्हणाली, "भाऊ, एक बोलायचं होतं. मी खूप विचार केला. इथे आईचा दमा, नवीन घरमालक ऐकत नाही. आणि तुम्ही त्याच्यासाठी इतकं केलंय. चिवडा तुमच्याकडेच राहू दे. कायमचा. तो आता तुमचाच आहे."

मला वाटलं, भाऊ खूश होतील. मीच हसले. पण भाऊंचा चेहरा खोली भाड्याने देताना असतो तसा झाला.

"ते जमणार नाही," ते म्हणाले.

"अहो पण भाऊ..."

"जनावर तुमचं आहे. मी फक्त सांभाळतो. तुम्हाला न्यायला यावंच लागेल. आता नको, आता ऊन आहे. पाऊस सरल्यावर बघू. तोपर्यंत तुमचं जनावर आहे, तर चौकशी तुम्हीच करायची. रोज."

ती "बरं भाऊ" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "कमाल करता भाऊ. जीव टाकता त्याच्यावर, आणि देते म्हटलं तर नको?"

भाऊ टोपलीतला पंचा नीट करत होते. बराच वेळ करत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझो झालो तर ती फोन कित्याक करतली?"

तेवढ्यात कोणीतरी मलम मागायला आलं. मी मलम दिलं, सुटे दिले. वळून बघितलं तर भाऊ टोपली घेऊन रस्त्याला लागले होते.

पाऊस सरला. भातं कापून झाली. पल्लवी आली नाही आणि भाऊंनी विषय काढला नाही. विषय तिनेच काढला, एकदा मी पडवीत बसले असताना.

"भाऊ, न्यायला यायचं होतं मला. पण इकडे थंडी पडायला लागली. त्याला सोसेल का हो?"

"छे छे," भाऊ म्हणाले. "थंडीत मुळीच नको."

"मग उन्हाळ्यात?"

"विदर्भातला उन्हाळा? मरात तो."

"हो ना," ती म्हणाली. "मग पुढे बघू. पण नीट लक्ष ठेवा हं भाऊ. माझा आहे तो."

"तुमचोच," भाऊ म्हणाले आणि फोन चिवड्याच्या नाकाशी नेला. "उद्या करा फोन. कसो आसा तां सांगतंय."